साक्षीदाराचा पत्ता

ऑस्टर्ली गावाचे लिफाफे टेबलावर आले, तसं रॉइस हॉगनने शिकारीचं नारिंगी जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला लावलं आणि बाह्या कोपरापर्यंत सारल्या. दीड दिवस तो फेरमोजणीत बाकीच्या गावांवर हरकती घेत होता, पण ती नुसती रंगीत तालीम होती. हरणांच्या शिकारीचा अख्खा हंगाम बुडवून तो या शेडमध्ये बसला होता तो ऑस्टर्लीसाठी. ऑस्टर्लीची क्लार्क होती आर्डिस नेल्स्टाड, आणि आर्डिस त्याची सख्खी थोरली बहीण.

काउंटीच्या जत्रेच्या मैदानावरचं हे लांबलचक पत्र्याचं शेड. ऑगस्टमध्ये इथं बक्षिसाचे भोपळे मांडतात. आता ओळीने टेबलं लावली होती, जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती, आणि पट्टीच्या एका अंगाला गव्हर्नरवाले, दुसऱ्या अंगाला रॉइससारखे सिनेटरवाले असे एकमेकांकडे खाऊ की गिळू नजरेने बघत बसले होते. राष्ट्राध्यक्षपदासाठी सगळ्या विस्कॉन्सिन राज्यात तीस लाखांवर मतं पडली होती आणि गव्हर्नर पुढे होता तीनशे एकोणनव्वद मतांनी. बाकीच्या देशाचा हिशेब असा तंतोतंत अडकला होता, की ज्याच्याकडे विस्कॉन्सिन जाईल तो राष्ट्राध्यक्ष होणार. त्यामुळे एरवी नकाशावर शोधावं लागणाऱ्या या काउंटीत राजधानीचे वकील, दोन टीव्हीच्या गाड्या आणि शेरीफचा एक बंदूकधारी शिपाई येऊन ठाण मांडून होते.

"हरकत," रॉइस म्हणाला. पहिल्याच लिफाफ्यावर.

"आता काय?" टेबलावर लिफाफे वाचून दाखवणारी जोनेल म्हणाली.

"सही फिकट आहे."

"फिकट असली तरी सही आहे ना?"

"लिहून घ्या. मी म्हणालो ते लिहून घ्या."

मोजणी मंडळाचे अध्यक्ष एल्डन प्रूएट यांनी लिहून घेतलं. तिघा सभासदांनी हात वर केले. हरकत फेटाळली. प्रूएट शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि दोन दिवसांत त्यांचा चेहरा परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यासारखा झाला होता.

आर्डिस टेबलापासून तीन हातांवर, मांडीवर मतदारांची वही घेऊन बसली होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा क्लार्कला नियम. तिने अठरा वर्षं हे काम केलं होतं. गावाची क्लार्क म्हणजे कुत्र्याच्या परवान्यापासून स्मशानाच्या नकाशापर्यंत सगळं बघणारी, निवडून आलेली बाई. अठरा वर्षांत कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. या वर्षी दाखवलं, आणि ते बोट घरातलंच होतं.

जुलैत गावच्या सभेत रॉइस उठून उभा राहिला होता. "पोस्टाने आलेली मतं क्लार्कच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरात पडलेली असतात," तो म्हणाला होता. "तिथं काय शिजतं ते कोण बघतं?"

ती मतं सभागृहाच्या लोखंडी कपाटात असतात, एवढंच सांगून ती गप्प बसली असती तर भागलं असतं. पण चाळीस माणसांसमोर भावाने चोर म्हटल्यावर तिचा तोल गेला. "माझ्या स्वयंपाकघराची काळजी करू नकोस. तुझ्या स्वयंपाकघरात काय शिजत होतं म्हणून कार्ला पळाली, ते गावाला ठाऊक आहे," ती म्हणाली. कार्ला म्हणजे रॉइसची बायको. वसंतात ती घर सोडून गेली होती. लोक खो खो हसले. रॉइसचे कान लाल झाले, तो टोपी उचलून निघून गेला, आणि त्यानंतर भावाबहिणीत शब्द झाला नव्हता.

"हरकत. दोन वेगळ्या शाया."

"मतदाराची सही एका पेनाने, साक्षीदाराची दुसऱ्याने," जोनेल म्हणाली. "माणसं दोन, पेनं दोन. यात काय आलं?"

"तेच तर विचारतोय मी. काय आलं?"

पलीकडून गव्हर्नरच्या बाजूची, राजधानी मॅडिसनहून आलेली वकीलबाई, मिस टॅलफोर्ड, मोठ्याने म्हणाली, "मिस्टर हॉगन, तुम्हाला एखादं पेन भेट देऊ का?" तिच्या बाजूचे फिदीफिदी हसले. रॉइसच्या मागून कुणीतरी ओरडलं, "ए मॅडिसन, घरी जा!" शेरीफचा शिपाई भिंतीपासून दोन पावलं पुढे आला आणि पुन्हा मागे झाला.

आर्डिस कुणाकडे बघत नव्हती. ती आकडे ऐकत होती. ऑस्टर्लीचे पोस्टाने आलेले लिफाफे एकशे सत्तेचाळीस. एकसष्ट, बासष्ट. त्यातला एक तिला नको होता, आणि तो कितवा ते तिला माहीत नव्हतं.

झालं होतं असं. मतदानाला सहा दिवस राहिले असताना तिच्या आईचा लिफाफा आला. आई, हिल्मा हॉगन, एकोणनव्वद वर्षांची. मे महिन्यात खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून वृद्धाश्रमात. अडुसष्ट वर्षांत तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. लिफाफ्यावर तिची थरथरती सही होती. खाली साक्षीदार म्हणून रॉइसची, गॅरेजमधल्या जाड काळ्या पेनाने केलेली. आणि साक्षीदाराच्या पत्त्याच्या दोन्ही ओळी कोऱ्या.

पोस्टाच्या मताला एक साक्षीदार लागतो, आणि त्याने लिफाफ्यावर सही करून आपला पत्ता लिहायचा असतो; पत्ता नसला की मत बाद. क्लार्कने तो स्वतःच्या हाताने भरायचा नाही, हे यंदा अगदी स्पष्ट होतं. त्यावर दोन तासांचा वर्ग झाला होता आणि आर्डिस पहिल्या रांगेत बसून तो शिकली होती. साक्षीदाराला बोलवायचं आणि त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. तिने फोन लावला. रॉइसने कट केला. पुन्हा लावला. "काय ते लेखी पाठव," म्हणाला आणि ठेवून दिला. तिसऱ्यांदा नुसताच वाजत राहिला.

मग तिने गाडी काढली. सहा मैल. क्वारी रोडवरचं ते घर, जिथं दोघं वाढली आणि आता रॉइस एकटा राहत होता. फाटकाशी पोचली तर गवतात हातभर उंचीची पाटी रोवलेली. सिनेटरच्या नावाची नव्हे. त्याच्या नावाच्या तर रस्ताभर होत्या. ही हाताने रंगवलेली होती: "आर्डिस, आमचं लक्ष आहे."

ती इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं बसली. दारात जाऊन घंटी वाजवायची होती, एवढंच. खिडकीत दिवा होता, तो घरात होता. लिफाफा बाद केला तर हाच उद्या बोंब मारणार, की बहिणीने आईचं सिनेटरचं मत कचऱ्यात टाकलं. आणि दारात गेलं तर त्या पाटीच्या शेजारून चालत जावं लागणार. तिने पर्समधून निळं पेन काढलं, लिफाफा स्टिअरिंगवर ठेवला आणि लिहिलं: एन ४१७, क्वारी रोड. शाळेच्या सगळ्या वह्यांवर तिने हाच पत्ता लिहिला होता. हाताला विचार करावा लागला नाही. मग तिने गाडी वळवली.

"शहाऐंशी," जोनेल म्हणाली. "हिल्मा हॉगन. मतदाराची सही आहे. साक्षीदार रॉइस हॉगन." ती जरा थांबली. "पत्ता आहे."

रिवाजाप्रमाणे तिने लिफाफा आधी एका बाजूला दाखवला, मग दुसऱ्या. रॉइस वाकला. तोंड हरकतीसाठी उघडलंच होतं, ते तसंच राहिलं. काळी जाड सही त्याची. खाली बारीक निळा पत्ता, आणि त्यातल्या साताच्या पोटात आडवी रेघ. आजोबा तसा सात काढायचे, आणि नातवंडांत तो फक्त आर्डिसने उचलला होता.

त्याने मान वर करून बहिणीकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिला वाटलं होतं, तो आता टेबलावर मूठ आपटेल. ती त्याला तयार होती. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. बघत बघत तिथं काहीतरी निवांत उतरलं, जत्रेत पैज जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"ठीक आहे," रॉइस म्हणाला. "पुढचा घ्या."

"अरे वा," मिस टॅलफोर्ड म्हणाली. "इथं तर ढळढळीत दोन शाया आहेत. हरकत नाही?"

"पुढचा घ्या म्हटलं ना!"

"घरचा लिफाफा दिसतोय," गव्हर्नरवाल्यांत कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. जोनेलने सत्याऐंशीवा उचलला.

आर्डिसला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुढची सगळी वर्षं तिला एकदम समोर दिसली: प्रत्येक थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या ताटापलीकडून हीच नजर, प्रत्येक सभेत मागच्या रांगेतून हीच नजर, आईला पुरताना खड्ड्याच्या पलीकडून हीच नजर. तोंडाने तो एक अक्षर बोलला नसता. बोलायची गरजच नव्हती. त्याने चोर म्हटलेलं तिने सोसलं होतं. त्याने सांभाळून घेतलेलं तिला सोसवणार नव्हतं. नंतर लोक म्हणाले, बाई प्रामाणिक. तिला स्वतःला ठाऊक होतं, की त्या क्षणी प्रामाणिकपणा वगैरे काही मनात नव्हतं. भावाच्या हातातून काहीतरी हिसकावून घ्यायचं होतं.

"थांबा," ती म्हणाली.

प्रूएटनी चष्म्यावरून बघितलं. "मिसेस नेल्स्टाड, विचारल्याशिवाय क्लार्कने बोलायचं नसतं."

"मग विचारा."

"काय विचारू?"

"त्या लिफाफ्यावरचा पत्ता कुणी लिहिला, ते विचारा."

प्रूएटनी पेन खाली ठेवलं. "बरं. कुणी लिहिला?"

"मी. नियम माहीत असताना लिहिला."

सगळं एकदम झालं. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सरकल्या. फोन वर आले. "मतचोर!" असं रॉइसच्या मागून कुणी ओरडलं, आणि गंमत म्हणजे समोरच्या बाजूनेही तोच शब्द आला. मिस टॅलफोर्ड एका हाताने आपल्या माणसांना खाली बसवत दुसऱ्या हाताने भराभर काहीतरी लिहीत होती. शिपाई पिवळ्या पट्टीवर येऊन उभा राहिला.

"मिस्टर हॉगन," प्रूएट म्हणाले, "सही तुमची?"

"माझी."

"पत्ता?"

रॉइसने ओठ चाटले. "असेल माझा. आठवत नाही."

"खोटं बोलू नकोस," आर्डिस म्हणाली. "तू ओळी कोऱ्या ठेवल्या होत्यास. मी तीनदा फोन केला तुला."

"मी काय तुझे फोन घ्यायला बसलोय?"

"फाटकापर्यंत आले होते मी!"

"मग आत यायचं होतंस!"

"त्या पाटीवरून?"

"पुरे!" प्रूएटनी टेबलावर तळहात आपटला. चाळीस वर्षं वर्ग गप्प करणारा तो आवाज होता, आणि शेड गप्प झालं. "हे तुमचं जेवणघर नाही. मिसेस नेल्स्टाड, असे आणखी किती?"

"एकच."

"एकच केला, की एकच सापडला?" मिस टॅलफोर्डने विचारलं.

दुसरा नाहीच, हे कुणालाच सिद्ध करता येत नसतं. आर्डिसने मांडीवरची वही उचलून टेबलावर ठेवली.

मग त्यांनी ऑस्टर्लीचे सगळे लिफाफे पहिल्यापासून काढले. एकेक अक्षर दिव्यापुढे धरून बघितलं. अडीच तास लागले, आणि या वेळी हरकती दोन्ही बाजूंनी आल्या. काल तिला "कशी आहेस?" म्हणून विचारणारी जोनेलसुद्धा आता तिच्याकडे न बघता विचारायची, "हा सात कुणाचा?" दुसरा सापडला नाही. एकशे सत्तेचाळीसात एक. मंडळाने तिन्ही हात वर करून तो बाद केला.

पण लिफाफा बाद करणं सोपं. मत केव्हाच लिफाफ्यातून निघून बाकीच्यांत मिसळलं होतं. कुठली मतपत्रिका हिल्माची, ते देवही सांगू शकला नसता. अशा वेळचा नियम असा, की त्या गावाच्या पोस्टाने आलेल्या मतांतून न बघता एक उचलायचं आणि रद्द करायचं.

"हा मूर्खपणा आहे," मिस टॅलफोर्ड म्हणाली. "बाद झालं ते मत कुणाला पडलं होतं ते सगळ्या काउंटीला ठाऊक आहे. मुलगा समोर बसलाय!"

"मत गुप्त असतं, मॅडम," प्रूएट म्हणाले. "मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही ठाऊक नाही."

त्यांनी गठ्ठा पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला, हलवला, तोंड छताकडे केलं आणि हात आत घातला. आर्डिसच्या मनात आलं, आता निदान सिनेटरचं निघू दे. आपल्या पायी कुणाचं जायचंच असेल तर तिकडचं जाऊ दे. अठरा वर्षांत मतांच्या खोक्याजवळ तिच्या मनात असं काही आलं नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

प्रूएटनी कागद उलगडला. बघितला. दोन्ही बाजूंना दाखवला.

"गव्हर्नर," ते म्हणाले. "एक मत वजा."

सिनेटरवाल्यांनी अशी आरोळी ठोकली, की पत्रा घुमला. टोप्या उडाल्या. समोरच्या बाजूची एक म्हातारी बाई उभी राहून आर्डिसकडे बोट दाखवत थरथरत्या आवाजात म्हणत होती, "ते माझं असेल! माझं असू शकतं ते!" तिला दोघांनी धरून बसवलं. तीनशे एकोणनव्वदचे तीनशे अठ्ठ्याऐंशी झाले. टीव्हीवाली मुलगी दाराकडे धावत सुटली.

आर्डिस बाहेर आली तेव्हा बर्फ भुरभुरत होता. रॉइस तिच्या गाडीला टेकून उभा होता.

"बाजूला हो."

"कशाला तोंड उघडलंस?" तो म्हणाला. "मी गप्प बसलो होतो ना?"

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"तुझ्या उपकारावर जगायचं नाही मला."

रॉइस हसला, पण ते हसू ओठांतच राहिलं. "उपकार? तुला वाटलं तुझ्यासाठी केलं? आईचं मत वाचवत होतो मी. एकेक मत वेचून काढतोय आम्ही, आणि तू—"

"मग टाळ्या वाजव. एक मिळालं तुम्हाला."

"मी नाही वाजवल्या."

ते खरं होतं. आरोळीच्या वेळी तो एकटा बसून होता, तिने बघितलं होतं. पण ते कबूल करायची तिची तयारी नव्हती. "चार महिने गावभर सांगत फिरलास, की मी लबाडी करते," ती म्हणाली.

"केलीस ना पण?" रॉइस म्हणाला. आवाज चढवून नव्हे, अगदी सरळ. "केलीसच ना, आर्डिस?"

तिने दार इतक्या जोरात ओढलं, की त्याला बाजूला उडी मारावी लागली.

आईकडे बातमी तिच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी आर्डिस वृद्धाश्रमात गेली, तर हिल्मा जेवणाचा ट्रे तसाच ठेवून, बटाट्याचं भरीत काट्याने चिवडत बसली होती.

"रॉइस येऊन गेला," हिल्मा म्हणाली. "त्याचं ऐकलं. तुझं नाही ऐकायचं मला."

"आई, तुझं मत बाद होऊ नये म्हणून मी—"

"मी सांगितलं होतं? मला विचारलंस? पत्ता राहिला म्हणून फोन तरी केलास मला? मी दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं. इथं नर्सा काय कमी आहेत?"

हे आर्डिसला सुचलंच नव्हतं. आईला फोन करायचा, नवा लिफाफा घ्यायचा, दुसरा साक्षीदार आणायचा. अठरा वर्षं तिने दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं. त्या दिवशी तिच्या डोक्यात फक्त रॉइस होता.

"सहा मैल," हिल्मा म्हणाली. "तुला गाडीतून उतरवलं नाही, त्याला फोन उचलवला नाही. आणि गेलं ते कुणा तिसऱ्याचं. कुणाचं गेलं?"

"कळायला मार्ग नाही."

"नाही ना? मग सगळ्यांची माफी माग."

"आई..."

"आणि हे घेऊन जा. गार झालंय." तिने ट्रे पुढे ढकलला. "आणि एक लक्षात ठेव. दोघं माझ्या मतावरून भांडताय. मी ते कुणाला दिलं, ते तुमच्यापैकी एकालाही मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

आर्डिसने घरी येऊन एका पानावर लिहिलं: मी काय केलं, कधी केलं, त्यामुळे गावातल्या एका माणसाचं मत रद्द झालं, ते कुणाचं ते मला माहीत नाही आणि कधी कळणार नाही, मला क्षमा करा. खाली सही केली आणि सभागृहाच्या फलकावर लावलं. दोन दिवसांनी कुणीतरी त्यावर लाल खडूने "किती?" असं लिहिलं. तिने तो कागद काढला नाही. तो गेला तर म्हणतील लपवला.

गव्हर्नर शेवटी तीनशे एकाहत्तर मतांनी निवडून आला. म्हणजे ऑस्टर्लीच्या त्या एका मताने जगात काही बदललं नाही. पण गावात बदललं. ज्यांनी ज्यांनी गव्हर्नरला पोस्टाने मत दिलं होतं त्यांच्यातला प्रत्येक जण म्हणू लागला, की उचललं ते माझंच. दुकानात, चर्चच्या दारात, बर्फ उपसताना. अशी माणसं मोजली तर नव्वदच्या वर भरली असती. सिनेटरवाल्यांना आर्डिस ढळढळीत पुरावा वाटायची: एक कबूल केलं, तर न केलेली किती असतील? डिसेंबरभर तिच्या खिडकीवर अंडी फुटत राहिली, आणि ती कुठल्या बाजूची हे तिला कळत नव्हतं. सरकारी वकिलाने खटला भरला नाही. एक कडक पत्र पाठवून प्रकरण मिटवलं. गावच्या बोर्डाने तिला राजीनामा देता का म्हणून विचारलं. "एप्रिलला मुदत संपते," ती म्हणाली, "तोपर्यंत स्मशानाचा नकाशा कोण बघणार आहे?" कुणी पुढे आलं नाही, म्हणून ती राहिली. पुन्हा उभी मात्र राहिली नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी गावाची वार्षिक सभा भरली. बर्फ वितळून सभागृहाबाहेर गुडघाभर चिखल होता. चाळीसेक माणसं आली. रस्त्याचा खडी-मुरूम झाला, कचऱ्याचं कंत्राट झालं, आणि चेअरमन गिल ओस्ट्रमने घसा खाकरला.

"मावळत्या क्लार्क मिसेस नेल्स्टाड यांच्या अठरा वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव मी मांडतो," तो कागदावरून वाचत म्हणाला. हा ठराव दर वेळी असतो. मावळत्या रस्तेदुरुस्तीवाल्यासाठीही झाला होता. "अनुमोदन?"

कुणी बोलेना. आर्डिस कोपऱ्यातल्या टेबलावर इतिवृत्त लिहीत होती. तिने "अनुमोदन" हा शब्द आधीच लिहून ठेवला होता आणि पुढे नावापुरती जागा सोडली होती. पेन त्या जागेवर थांबलं. कुणीतरी बूट घासले. अर्धं मिनिट म्हणजे किती लांब असतं, ते तिला त्या संध्याकाळी कळलं.

"अनुमोदन," मागच्या रांगेतून रॉइस म्हणाला.

सगळे वळले.

"काय बघताय?" तो गुरकावला. "मांडलाय ना ठराव? मोजा आणि सोडा लोकांना."

"बाजूने?" गिलने विचारलं. हात वर झाले. मोजणं क्लार्कचं काम. आर्डिस उठली आणि रांगेरांगेने मोजत गेली. शेवटच्या रांगेत रॉइस हाताची घडी घालून बसला होता. ती त्याच्यापुढे आली, तरी त्याने हात वर केला नाही. ती थांबली नाही.

"विरुद्ध?"

पुन्हा हात. पुन्हा मोजणी. या वेळीही रॉइसची घडी सुटली नाही. तिने दोन्ही आकडे कागदावर लिहिले, मग एकदा परत फिरून सगळे हात तपासले, कारण फरक थोडा होता आणि उद्या कुणी म्हणायला नको.

"बाजूने सोळा," ती म्हणाली. "विरुद्ध एकोणीस. बाकीचे तटस्थ. ठराव नामंजूर."

"नामंजूर," गिल पुटपुटला आणि कपाळ पुसलं.

खुर्च्या वाजल्या, माणसं चिखलात उतरली, गाड्या सुरू झाल्या. कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणी शिवीही दिली नाही. आर्डिस टेबलाशी बसून राहिली. सोडलेल्या जागी तिने भावाचं पूर्ण नाव लिहिलं, खाली सोळा आणि एकोणीस लिहिले, आणि सही केली.